मालक नाशकात, कंपनी परमुलखात : प्रस्तावना

भारतीय पासपोर्टाची पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. एस्टोनियाचे ई-रेसिडेन्सी कार्ड मागणारा बंगळुरूचा प्रोग्रामर असो, दुबईच्या फ्री झोनमध्ये परवाना काढणारा सुरतचा व्यापारी असो की ब्रिटनच्या कंपनीज हाउसपुढे ओळख पटवणारी कोल्हापूरची डिझायनर असो, त्यांच्या अर्जाला जोडलेला पहिला कागद आपल्या गावातून बाहेर पडलेला असतो. त्याच गावात राहून, इथला व्यवसाय न सोडता परदेशात कंपनी काढणाऱ्यांची संख्या गेल्या दहा वर्षांत वाढली आहे. त्यांच्यासाठी मराठीत सलग असे लेखन मात्र फार थोडे आहे. हे पुस्तक त्यासाठी आहे.

विषय थोडक्यात सांगता येतो. भारतात राहणाऱ्या आणि इथेच कर भरणाऱ्या माणसाने दुसऱ्या देशात मर्यादित दायित्वाची कंपनी नोंदवणे. तिथला कायदा त्याला अनिवासी मालक मानतो. इथला कायदा त्याला निवासी भारतीय मानतो आणि परदेशातल्या त्याच्या प्रत्येक समभागाचा हिशेब मागतो. बहुतेक जण आधी तिथल्या कायद्याची चौकशी करतात, फी भरतात, प्रमाणपत्र मिळवतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी विवरणपत्र भरताना इथल्या कायद्याशी त्यांची गाठ पडते. हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी आपल्या घरचा उंबरा नीट ओलांडावा, मग परक्याचे दार वाजवावे, असे माझे ठाम मत आहे आणि पुस्तकाची सगळी मांडणी त्यातून आली आहे. नोंदणी हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत छोटा भाग आहे.

नाशकात हा प्रश्न कोणाला पडतो? सर्वांत आधी द्राक्षवाल्यांना. लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेणाऱ्याला त्याच दिवशी लिलाव डोळ्यांनी पाहता येतो आणि पट्टी हातात पडते. दिंडोरी-निफाडची द्राक्षे न्हावा शेवाहून रीफर कंटेनरमध्ये निघतात, समुद्रावर काही आठवडे काढतात आणि रॉटरडॅमला उतरतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हा प्रवास आणखी लांबला. बराचसा माल कन्साइनमेंटवर जातो. म्हणजे भाव आधी ठरलेला नसतो. तिथला आयातदार माल विकतो, आपले कमिशन, शीतगृहाचे भाडे, पुन्हा पॅकिंग करण्याचा खर्च वजा करतो आणि उरलेल्याचा हिशेब पाठवतो. पट्टी लिहिणारा माणूस समोर नसतो.

२०१० च्या हंगामात या व्यवस्थेची कसोटी लागली. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळला. कंटेनर अडकले, भाव कोसळला, निर्यातदार आणि त्यांच्यामागे उभे असलेले बागायतदार कर्जात गेले. त्या वर्षानंतर नाशिक जिल्ह्याने रेसिड्यू तपासणीची शिस्त फार गंभीरपणे घेतली आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या अंगाने मात्र त्या प्रसंगाकडे कमी पाहिले गेले. माल तिथे कोणाच्या नावावर उतरला होता? विल्हेवाटीचा खर्च कोणावर? आयातदाराची मर्यादित दायित्वाची कंपनी होती, तिचे नुकसान तिच्या भांडवलापुरते राहणार होते. इकडे अनेकांचा धंदा मालकी हक्काचा किंवा भागीदारीचा. त्यांच्या बाबतीत धंद्याचे कर्ज आणि घर-जमीन यांच्यामध्ये कायद्याची कोणतीही भिंत नव्हती. एकाच कंटेनरच्या दोन टोकांना जोखमीची अशी दोन वेगळी मापे होती.

म्हणून रॉटरडॅममध्ये आपलीच एखादी बीव्ही, म्हणजे डच खासगी मर्यादित कंपनी, असावी ही कल्पना आकर्षक वाटते. नेदरलँड्सने १ ऑक्टोबर २०१२ पासून बीव्हीसाठीची १८,००० युरोंची किमान भांडवलाची अट काढून टाकली; आता एका सेंटवरही ती उभी राहते. पण नोंदणीला नोटरी लागतो, वार्षिक हिशेब दाखल करावे लागतात आणि जिचा एकही संचालक तिथे राहत नाही अशा कंपनीला डच बँक सहज खाते देत नाही. आणि एक गोष्ट पुष्कळ निर्यातदारांना माहीत नसते. माल स्वतःच्या नावावर आयात करण्यासाठी तिथे कंपनी असण्याची गरजच नाही. भारतीय कंपनी तिथला फिस्कल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे करविषयक प्रतिनिधी, नेमून युरोपच्या व्हॅट व्यवस्थेत शिरू शकते. हंगामाला मोजके कंटेनर पाठवणाऱ्याला एवढे पुरते. स्वतःचा ब्रँड, स्वतःचे गोदाम, पगारावरची माणसे इथपर्यंत मजल गेली की मग बीव्हीचा विचार करावा. पैसा उलट्या दिशेनेही येतो, हेही ध्यानात असू द्यावे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सच्या काढणीपश्चात प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. त्यासाठी शेतकऱ्यांना कुठे जाऊन कंपनी काढावी लागली नाही. इथलीच कंपनी, इथलाच कायदा, आणि गुंतवणूकदार आपल्या दारी.

दुसरा वर्ग सातपूर-अंबडच्या कारखानदारांचा. स्विचगिअर, पॅनेल, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना आखातात किंवा आफ्रिकेत टेंडर भरताना स्थानिक कंपनीची अट आडवी येते. त्यांचे गणित बहुधा स्पष्ट असते आणि त्यांच्याकडे सीए असतो, म्हणून त्यांच्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

तिसरा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी तयारीचा. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर, डिझाइन, ॲप, ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणारी पंचविशी-तिशीतली मुले-मुली. त्यांना कंपनी हवी असते ती मुख्यतः पैसे स्वीकारण्यासाठी. परदेशी ग्राहकाचे कार्ड चालावे, मासिक वर्गणी आपोआप वळती व्हावी, बिलावर अमेरिकेतल्या डेलावेअरचा पत्ता दिसावा. २०१६ मध्ये स्ट्राइपने ॲटलस नावाची सेवा सुरू केली आणि अमेरिकेत पाऊल न ठेवता तिथली कंपनी काढणे हे काही शे डॉलरांचे आणि काही दिवसांचे काम झाले. तसे करून देणाऱ्या आणखी कितीतरी सेवा आज आहेत. त्या आपले काम चोख करतात. पण त्यांचे काम अमेरिकेच्या हद्दीत संपते. रिझर्व्ह बँक आणि आयकर खाते यांच्याविषयी त्या काही सांगत नाहीत, आणि सांगण्याची त्यांची जबाबदारीही नाही.

मालक एका देशात आणि कंपनी दुसऱ्या देशात, हा प्रकार नाशिकला नवा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली, तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये बसत असे आणि तिचे रूळ थळ घाटातून इगतपुरीला चढून नाशिकरोडवरून पुढे गेले. भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि ती हमी हिंदुस्थानच्या महसुलातून भागवली जाई. कंपनी कुठे नोंदली आहे, कारभार कुठून होतो आणि नफा-तोटा कोणाच्या अंगावर पडतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे असतात. या रेल्वेच्या इतिहासात ते जितके स्वच्छ दिसतात तितके क्वचितच कुठे दिसतील. पुस्तकात हेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतील.

मर्यादित दायित्व सर्वांसाठी खुले झाले ते इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने. त्याआधी १८४४ पासून कंपनी साध्या अर्जाने नोंदवता येई, पण कर्ज फिटले नाही तर भागधारकाचे घरदार सुरक्षित नसे. हिंदुस्थानात बँका वगळता इतर कंपन्यांना ही सवलत १८५७ मध्ये मिळाली. पुढच्या दहा वर्षांत मुंबईने तिचा वापर आणि दुरुपयोग दोन्ही पाहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, बॅक बे भरावासारख्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे वाढले आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून वाचली नाही. तरीही कल्पना टिकली. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने चामड्याचे बूट बनवणाऱ्या ॲरन सॉलोमनच्या दाव्यात निकाल दिला. कंपनीच्या २०,००७ समभागांपैकी २०,००१ एकट्या सॉलोमनचे होते, बाकीचे सहा घरातल्यांचे. तरीही कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, असे न्यायालयाने ठरवले. आज एकटा माणूस इंटरनेटवरून कंपनी काढतो त्याचा कायदेशीर पाया हा निकाल आहे.

जर्मनीने वेगळी वाट धरली. मोठ्या शेअर कंपनीचा सगळा पसारा छोट्या धंद्याला नको, म्हणून १८९२ मध्ये तिथल्या कायदेमंडळाने जीएमबीएच हा नवा साचा मुद्दाम घडवला. पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, फ्रान्स यांनी पुढे त्याच धर्तीचे कायदे केले. डच बीव्ही याच कुळातली. अमेरिकेत एलएलसी, म्हणजे तिथली मर्यादित दायित्वाची कंपनी, फार उशिरा आली. वायोमिंग राज्याने १९७७ मध्ये एका तेल कंपनीच्या आग्रहावरून पहिला कायदा केला आणि जवळजवळ दहा वर्षे तिच्याकडे कुणी फिरकले नाही, कारण तिच्यावर कर कसा लागेल हे ठरत नव्हते. १९८८ मध्ये अमेरिकी महसूल खात्याने तिला भागीदारीप्रमाणे वागवण्याचे मान्य केले, १९९७ पासून मालकाला कराचा प्रकार स्वतः निवडण्याची मुभा मिळाली आणि एलएलसी देशभर पसरली. सुमारे दहा लाख वस्तीच्या डेलावेअर राज्यात आज वीस लाखांहून अधिक व्यावसायिक संस्था नोंदलेल्या आहेत. एलएलसीचा उगमच कराच्या प्रश्नातून झाला, हे नाशिकच्या वाचकाने विसरू नये. कारण त्याला अडचण येते तीही नेमकी तिथेच.

अनिवासी मालकापुढे आज जे पर्याय मांडले जातात ते बहुतेक या तीन कुळांतले आहेत, अधिक आखाताचा एक. ब्रिटिश कुळात ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग येतात. भाषा आणि कायदा आपल्याला ओळखीचा, कारण आपला कंपनी कायदाही त्याच घरातला. सिंगापूरला किमान एक संचालक तिथला रहिवासी लागतो, त्यामुळे दर वर्षी भाड्याच्या संचालकाची फी भरावी लागते. ब्रिटनला तशी अट नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे स्वस्त आणि सोपे समजले गेले. ती ढिलाई आता संपत आली आहे. मार्च २०२४ पासून नुसता पोस्टाचा बॉक्स नोंदणीकृत पत्ता म्हणून चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना व खऱ्या मालकांना आपली ओळख पटवून देणे सक्तीचे झाले. शिवाय ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यापासून लंडनची कंपनी म्हणजे रॉटरडॅमचे दार राहिलेली नाही. अजूनही काही सल्लागार तसे सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

आखातात १९८५ मध्ये दुबईचा जेबेल अली फ्री झोन सुरू झाला आणि परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळू लागली. फ्री झोनबाहेर स्थानिक भागीदाराची अट २०२१ पर्यंत बहुतेक धंद्यांना लागू होती, ती गेली. पण जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून अमिरातीत ३,७५,००० दिरहमांवरच्या नफ्याला नऊ टक्के कंपनी कर लागू झाला आहे. दुबईत कर नाही, हे वाक्य आता सरसकट खरे नाही. एस्टोनियाची गोष्ट स्वतंत्र आहे. १ डिसेंबर २०१४ ला त्या छोट्या देशाने जगातल्या कुणालाही डिजिटल ओळखपत्र देऊ केले. ते व्हिसा नाही, नागरिकत्व नाही, तिथे राहण्याचा हक्कही नाही. त्या कार्डाने ओयू नावाची कंपनी घरबसल्या काढता येते, हिशेब ऑनलाइन दाखल करता येतात आणि नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर तिथे कर लागत नाही. वाटला की लागतो. मला या सगळ्यांत एस्टोनियाची व्यवस्था सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती काय देते आणि काय देत नाही हे तिथले सरकार स्वतः स्पष्ट सांगते.

आता घरचा उंबरा. परदेशात कंपनी काढू पाहणाऱ्या भारतीयाकडे सरकारने नेहमी संशयाने पाहिले, आणि त्याला कारणही होते; परकीय चलन तुटपुंजे होते. १९६९ च्या मार्गदर्शक सूचनांनी परदेशातल्या संयुक्त उद्योगांना वाट दिली, पण भांडवल शक्यतो यंत्रसामग्रीच्या रूपाने न्यावे, रोख डॉलर नव्हेत, असा आग्रह होता. १९७४ पासून फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा, लागू झाला. त्यात चलनाचा नियमभंग हा फौजदारी गुन्हा होता. १ जून २००० ला फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, आला आणि तोच भंग दिवाणी स्वरूपाचा झाला. सामान्य माणसासाठी पहिली फट २००४ मध्ये उघडली. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेने, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात, वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठवण्याची परवानगी दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मात्र व्यक्तीला परदेशातल्या खासगी कंपनीची मालकी थेट घेता येऊ लागली ती ऑगस्ट २०१३ नंतर. आणि सध्या जे लागू आहेत ते परदेशातल्या गुंतवणुकीचे नियम २२ ऑगस्ट २०२२ चे. या पुस्तकाचा कणा ते नियम आहेत.

त्यातल्या काही गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या माहीत नसल्यामुळे लोक अडकतात. शेअर बाजारात सूचीबद्ध नसलेल्या परदेशी कंपनीचा एक समभाग जरी घेतला तरी ती थेट परदेशी गुंतवणूक ठरते. रक्कम लहान असल्याची सबब चालत नाही. पैसे अधिकृत बँकेमार्फत, फॉर्म एफसी भरून आणि रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन क्रमांक मिळाल्यावरच जायला हवेत. नोंदणी-सेवेची फी क्रेडिट कार्डाने भरली म्हणजे भांडवल गेले असे होत नाही. समभाग मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा. आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, एपीआर, दाखल करायचा. वायोमिंगच्या एलएलसीला तिथल्या कायद्याने ऑडिट लागत नाही. पण तिच्यावर तुमचे नियंत्रण असेल तर आपला नियम ऑडिट केलेल्या हिशेबावर आधारलेला अहवाल मागतो. वर्षाला साठ डॉलर शुल्काची कंपनी असे समजून काढलेल्या एलएलसीचा खरा वार्षिक खर्च इथे उघड होतो.

आणखी दोन बंधने. व्यक्तीने काढलेली परदेशी कंपनी वित्तीय सेवांच्या धंद्यात नसावी, आणि तिच्यावर त्या व्यक्तीचे नियंत्रण असेल तर तिची उपकंपनी असता कामा नये. म्हणजे दुबईत एक धारक कंपनी आणि तिच्याखाली लंडनची दुसरी, अशी साखळी व्यक्तीला बांधता येत नाही. भारतीय कंपनी, एलएलपी किंवा भागीदारी संस्थेमार्फत गेल्यास चौकट मोठी होते. स्वयंचलित मार्गाने निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत बांधिलकी घेता येते. शेतकरी उत्पादक कंपनीही यात बसते. द्राक्षपट्ट्यातल्या संस्थांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. एकेका बागायतदाराने धडपडण्यापेक्षा त्यांच्या एकत्रित कंपनीने परदेशात पाऊल टाकणे कायद्यालाही सोपे आणि जोखमीलाही बरे.

कराची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. निवासी भारतीयाचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र असते. अमेरिकेत धंदा नसलेल्या परदेशी मालकाच्या एकल एलएलसीला तिथे बहुधा उत्पन्न कर लागत नाही, एवढेच ऐकून लोक खूश होतात. पण तिला फॉर्म ५४७२ दर वर्षी द्यावाच लागतो आणि न दिल्यास दंड २५,००० डॉलरपासून सुरू होतो. इकडे काम गंगापूर रोडवर बसून केले तर ते उत्पन्न भारतातच उगवले, असे आयकर खाते म्हणू शकते. परदेशी कंपनीचा प्रत्यक्ष कारभार भारतातून चालत असेल तर तिलाच निवासी मानण्याची तरतूद २०१७-१८ या कर निर्धारण वर्षापासून आहे. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना २०१७ च्या परिपत्रकाने त्यातून सूट दिली. ही सूट लहान मालकाला दिलासा देणारी आहे, तरी ती संपूर्ण कवच नाही. शिवाय परदेशी मालमत्तेचा तपशील विवरणपत्राच्या परिशिष्ट एफएमध्ये द्यावा लागतो. तो लपवला तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याने दहा लाख रुपयांचा नुसता दंडच होऊ शकतो, मग कंपनीने एक डॉलर कमावला असो वा नसो. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला या दंडातून वगळले आहे. पण दंडातून सूट म्हणजे माहिती देण्यातून सूट नव्हे.

एक वाट आपल्याकडे फार सर्रास सुचवली जाते, म्हणून तिच्याविषयी थांबून बोलतो. चुलत भाऊ न्यू जर्सीत आहे, आतेबहीण शारजात आहे. त्यांच्या नावावर कंपनी काढू, काम आपण करू, पैसे त्यांच्या खात्यात साठतील. मराठी कुटुंबांतली आपुलकी खरी असते आणि मदत करणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. पण ज्याला कंपनीचा लाभ मिळतो तो लाभार्थी मालक म्हणून आपल्या कायद्यापुढे उभाच राहतो, आणि तिकडे नातेवाइकाच्या अंगावर त्याच्या देशाचा कर आणि कंपनीची सगळी उत्तरदायित्वे येतात. धंदा बुडाला तर दोन घरे दुरावतात. धंदा चालला तर जास्तच. नातेवाइकाला भागीदार करायचे असेल तर उघडपणे, करार लिहून, त्याच्या वाट्याचे भांडवल त्याने घालून करावे.

जाणकारांमध्ये या विषयावर दोन टोकांची मते आहेत. एक म्हणतात, आधी कंपनी काढा, ग्राहक मिळवा, कागदपत्रे नंतर बघू; वेळ गेली तर बाजार जातो. दुसरे म्हणतात, लहान माणसाने या भानगडीत पडूच नये. पहिल्यांच्या सल्ल्याची किंमत मोजणारी मुले मी पाहिली आहेत. दुसऱ्यांचे भय मला समजते, पण पटत नाही; त्यांच्या सल्ल्याने चाललो असतो तर आपली द्राक्षेही मुंबईच्या बाजारापलीकडे गेली नसती. मोठ्या कंपन्यांचा अनुभव तर तिसरेच काही सांगतो. सिंगापूरला नोंदलेली फोनपे २०२२ मध्ये आणि डेलावेअरला नोंदलेली ग्रो २०२४ मध्ये मुख्यालय भारतात घेऊन परत आली, आणि दोघींच्याही परतीसाठी भरभक्कम कर मोजावा लागला. बाहेर जाणे स्वस्त असते, घरी परतणे महाग, हे त्यांनी सगळ्यांसमोर दाखवून दिले.

हे पुस्तक आत्ता का? कारण चारी बाजूंनी नियम हलले आहेत. ब्रिटनशी व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, अमिरातीशी केलेला करार मे २०२२ पासून चालू आहे, त्यामुळे जाण्याची कारणे वाढली. त्याच वेळी एक जुने कारण कमी झाले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमापार पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी चौकट घालून दिली. परदेशी ग्राहकाचे पैसे भारतीय कंपनीच्या किंवा मालकी धंद्याच्या खात्यात रीतसर घेणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. जीएसटीतही निर्यात केलेल्या सेवेवर हमीपत्र देऊन कर न भरता बिल करता येते. नुसते पैसे स्वीकारण्यासाठी डेलावेअर गाठणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना आज त्याची गरज उरलेली नाही. परदेशी पाठवलेल्या रकमेवर वर्षाला दहा लाखांपुढे २० टक्के टीसीएस कापला जातो, हेही त्यांनी हिशेबात धरावे. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर खेळते भांडवल अडकून पडते. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने जुन्या कलमांचे आकडे पाठ असलेल्यांनाही नव्याने वाचावे लागणार आहे.

पुस्तकाची रचना देशांनुसार केलेली नाही. कोणता देश सर्वांत चांगला, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नसते. म्हणून सुरुवात मालकापासून आहे: तो व्यक्ती आहे की भागीदारी संस्था की कंपनी, माल विकतो की सेवा, ग्राहक कुठे आहे, काम कुठे होते. त्यावरून परदेशी कंपनीची गरज आहे का, हे ठरते, आणि गरज नसल्याचे उत्तर या पुस्तकात वारंवार येईल. मग भारताचे नियम, त्यानंतर तिकडचे साचे, आणि शेवटी ज्याकडे कोणी पाहत नाही तो भाग: कंपनी बंद कशी करावी, समभाग विकून पैसे नव्वद दिवसांत परत कसे आणावेत, बँकेला काय कळवावे. कलमांची भाषा शक्य तिथे टाळली आहे. फॉर्म भरून देणारे हे पुस्तक नव्हे. सीएकडे जाण्यापूर्वी काय विचारायचे हे कळावे, एवढी त्याची इच्छा आहे. कर चुकवण्याच्या वाटा शोधणाऱ्याला यात काही सापडणार नाही.

ज्यांची कंपनी आधीच नोंदवून झाली आहे आणि हे पान वाचताना ज्यांच्या पोटात गोळा आला आहे, त्यांनी दुरुस्तीचे प्रकरण सर्वांत आधी उघडावे. कळवण्यात नुसता उशीर झाला असेल तर ठरलेल्या मुदतीत विलंब शुल्क भरून तो नियमित करता येतो. नियमच मोडला गेला असेल तर रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरवलेली रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करता येतो. फेमाखालचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, पण स्वतःहून पुढे आलेल्या माणसाची गोष्ट आणि नोटीस आल्यावर धावणाऱ्याची गोष्ट एकसारखी नसते. तोपर्यंत त्या कंपनीला भारतातून एक रुपयाही पाठवू नये, कारण जुनी थकबाकी मिटेपर्यंत नव्या रकमेला नियमांची परवानगी नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र, कार्डाची बिले, परदेशी खात्याचे उतारे आणि पहिल्या दिवसापासूनचे ईमेल एका फाइलमध्ये तारखेने लावावेत आणि ती फाइल घेऊन आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात जावे.